बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का? मधाच्या एका बादलीचं प्रकरण

"दादा, मेलं वाटतं सगळं."

रविवारी रात्री साडेअकराला मावसभावाचा मेसेज, खाली फोटो. पांढरी प्लास्टिकची बादली, झाकणावर एअरलॉक (आतला गॅस पाण्यातून बाहेर सोडणारी, बाहेरची हवा आत न येऊ देणारी छोटी नळी), आणि एअरलॉकमधलं पाणी देवघरातल्या तांब्यातल्या पाण्यासारखं शांत. शनिवारी संध्याकाळी साडेसातला यीस्ट टाकलं होतं म्हणजे अठ्ठावीस तास झालेले, एक बुडबुडा नाही. मी झोपेतच टाइप केलं की झाकण चारी बाजूंनी नीट दाबून बघ आणि झोप. दोन मिनिटांनी व्हिडिओ आला, ब्लुप, ब्लुप, ब्लुप. झाकण एका कडेला बसलंच नव्हतं, गॅस तिकडून निघून जात होता.

ही पहिली काळजी, आणि तिचा निकाल दोन मिनिटांत लागला म्हणून पुढचे अडीच आठवडे तो माणूस त्या बुडबुड्यांवरच विश्वास ठेवून बसला, हा माझाच दोष म्हणा. कारण खरा घोळ वेगळाच होता आणि तो हळूहळू उलगडला, म्हणून सगळं नीट लिहून ठेवतोय. ज्यांना मध घालून बिअर करायची आहे त्यांना उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी. तो लीड्सला राहतो, पाठीला पाठ लावलेल्या त्या जुन्या विटांच्या घरांपैकी एका घरात, खाली तळघर आहे. मी मँचेस्टरला, ट्रेनने तासाभराच्या अंतरावर. इंग्लंडमध्ये १९६३ पासून घरी स्वतःपुरती बिअर करायला लायसन लागत नाही, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात बसून हे वाचत असाल तर आपल्याकडे दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि लायसनशिवाय घरी हे करता येत नाही, तेव्हा नुसतं वाचा. मधाची चव बघायची असेल तर पुण्या-नाशकाकडे आता मीड, म्हणजे मध आंबवून केलेली दारू, बनवणारे लोक आहेत, ती विकत मिळते.

तर रेसिपी. २० लिटरची बॅच. २ किलो फिकट माल्ट पावडर (मोड आणलेल्या जवाच्या अर्काची), १ किलो मध, ईस्ट केंट गोल्डिंग्ज जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) ४० ग्रॅम तासभर उकळून, आणि साडेअकरा ग्रॅमचं एक पाकीट इंग्लिश एल यीस्ट. मधातला पाऊण किलो सुपरमार्केटचा आणि पाव किलोची बाटली महाबळेश्वरची, जांभळाच्या मधाची, मावशीने "खोकल्यावर घे रे" म्हणून दिलेली. जांभळाचा मध काळसर असतो, शेवटी जरा कडवट लागतो, मला तो आवडतो. मी त्याला म्हटलं होतं की हा मध नुसता खा, बिअरमध्ये त्याचा वास फारसा राहत नाही, आंबताना जो गॅस बाहेर पडतो तो वास घेऊनच जातो, आणि तू तर उकळत्या वर्टमध्ये, म्हणजे यीस्ट टाकायच्या आधीच्या गोड द्रवात, टाकणार. घालायचाच तर जोर ओसरल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी घाल. पण ऐकतोय कोण. मावशीला मध नक्की कशात गेला हे सांगितलेलं नाही, कृपया कोणी सांगू नका.

सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड ते, १.०५१ आली. पाणी म्हणजे १.०००, त्यावरचा प्रत्येक हजारावा भाग म्हणजे एक पॉइंट, आणि साखर आंबत जाते तसा आकडा उतरतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड याच्याभोवती आहे. हिशोब असा की माल्ट पावडरचे साधारण ३७ पॉइंट आणि मधाचे साडेचौदा, मिळून ५१.

मंगळवारी संध्याकाळी फोन. मेसेज नाही, फोन, म्हणजे गंभीर. मागून बायकोचा आवाज येतोय, "भाऊजींना वासाचं सांग आधी." कसला वास तर सडक्या अंड्याचा. यांच्या घरात अंडं येत नाही, तिच्या माहेरीही कधी आलं नाही, आणि तळघरातून जिन्याने वर येऊन तो वास स्वयंपाकघरात बसलेला. ती म्हणाली नासलंय, टाकून द्या. त्याने कुठेतरी वाचलं की मधात नायट्रोजन नसतो, यीस्ट उपाशी राहतं, म्हणून असा वास येतो. यातलं अर्धं बरोबर आहे. मध म्हणजे साधारण ८० टक्के साखर, १७-१८ टक्के पाणी आणि बाकी अगदी थोडं, त्यात यीस्टला अंग धरायला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नाहीच. नायट्रोजन कमी पडला की यीस्टच्या पोटात तयार होणारा सल्फाइड अमिनो आम्लांमध्ये वापरला जात नाही, तो वायू होऊन बाहेर पडतो, तोच अंड्याचा वास. नुसत्या मधाची मीड करताना हा प्रश्न मोठा असतो, म्हणून मीडवाले पहिल्या काही दिवसांत थोडं थोडं करून यीस्टचं खाद्य घालतात, एकतृतीयांश साखर संपेपर्यंत. पण इथे दोन तृतीयांशाहून जास्त साखर माल्टची होती आणि माल्टमध्ये नायट्रोजन भरपूर असतो. म्हणजे यीस्ट उपाशी वगैरे काही नव्हतं, जरा तणावात होतं एवढंच. हा वास चार-आठ दिवसांत गॅसबरोबर निघून जातो. मी हे सगळं सांगायला तोंड उघडलं तोवर तो म्हणाला, "नाही पण मी टाकलं."

काय टाकलं?

यीस्टचं खाद्य, चमचाभर, कोरडी पावडर, झाकण उघडून, जोरात आंबणाऱ्या बादलीत वरून भुरभुरवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सोड्याच्या बाटलीत मीठ टाकल्यावर काय होतं ते आठवा. द्रव गॅसने काठोकाठ भरलेला असतो, पावडरच्या प्रत्येक कणावर बुडबुडा धरतो आणि सगळं एकदम वर येतं. त्यात बादली २५ लिटरची, द्रव २० लिटर, वर आधीच चार बोटं फेस. तळघराच्या फरशीवर दीड-दोन लिटर मधाचा माल आणि त्यावर उभा माझा मावसभाऊ, मोज्यांसकट. पावडर घालायचीच असेल तर उकळून गार केलेल्या थोड्या पाण्यात विरघळवून हळूच ओतायची, आणि ती सुरुवातीला, तिसऱ्या दिवशी नाही. नुकसान किती म्हणाल तर मोजे आणि तीन-चार बाटल्या बिअर. खाद्याने बिअरचं काही वाईट झालं नाही, फार भलंही झालं असं वाटत नाही.

वास शुक्रवारपर्यंत गेला. नंतर म्हणे नुसता ब्रेडचा आणि सफरचंदाचा वास. मला वाटलं गाडी रुळावर आली.

मग पुढचा रविवार, आठवा दिवस. सकाळी सकाळी दोन मेसेज लागोपाठ, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध. पहिला, "दादा अडकलं, १.०२८ वर थांबलंय, दुसरं यीस्ट टाकतो." दुसरा, पाच मिनिटांनी, "बुडबुडे पूर्ण बंद, कागदावर ७ ते १० दिवस लिहिलंय, म्हणजे झाली बहुतेक, आज बाटल्या भरू का?" म्हणजे एकीकडे निम्म्यात मेली आणि दुसरीकडे पूर्ण झाली. मी म्हटलं कशालाच हात लावू नकोस, मी येतो. हायड्रोमीटर, म्हणजे द्रवात तरंगवून ग्रॅव्हिटी मोजायची काचेची काडी, पिशवीत टाकला आणि निघालो, आणि ट्रेनमध्ये बसल्यावर पहिल्यांदा डोकं चालवलं.

१.०२८ आला कुठून? त्याच्याकडे हायड्रोमीटर नव्हता, त्याने हौसेने रिफ्रॅक्टोमीटर घेतला होता, तो दुर्बिणीसारखा छोटा, दोन थेंब टाकून उजेडाकडे बघायचं. त्यात ७ ब्रिक्स (साखरेचं शेकडा प्रमाण) दिसले, नेटवरच्या तक्त्यात ७ ब्रिक्स म्हणजे १.०२८. पण तो तक्ता नुसत्या साखरेच्या पाण्याचा असतो. रिफ्रॅक्टोमीटर उजेड किती वाकतो ते मोजतो, आणि अल्कोहोलही उजेड वाकवतं, त्यामुळे आंबलेल्या द्रवात तो नेहमी जास्त दाखवतो. सुरुवातीचा आकडा आणि आत्ताचा आकडा दोन्ही घालून हिशोब करावा लागतो. यीस्ट टाकायच्या आधी त्याच रिफ्रॅक्टोमीटरने साडेबारा दाखवलं होतं, तो आणि आत्ताचा ७ असं ट्रेनमध्येच फोनवर घालून बघितलं तर १.०१४ च्या आसपास निघत होतं. म्हणजे निम्म्यात अडकली ही काळजी खोटी. रिफ्रॅक्टोमीटर वाईट नाही हो, यीस्ट टाकायच्या आधी तो उत्तम, नंतर तो थापा मारतो.

लीड्सला पोचलो, पोहे खाल्ले, खाली गेलो. नमुना काढला, खोलीत आणून २० डिग्रीला येऊ दिला कारण हायड्रोमीटर त्या तापमानाला आखलेला असतो आणि गार नमुना किंचित जास्त दाखवतो, काडी दोन बोटांत फिरवून तिला चिकटलेले बुडबुडे झाडले आणि सोडली. १.०१४.

आता इथे खरी मजा आहे. त्याने लगेच फोनवर कॅल्क्युलेटर काढला. १.०५१ ची बिअर, या यीस्टची खाण्याची क्षमता ७५ टक्के, म्हणजे शेवटचा आकडा १.०१३. आपला १.०१४. "झाली की रे दादा, एक पॉइंटने काय होतं!" आणि खरं सांगतो, ही नुसत्या माल्टची बिअर असती तर मीही मान डोलावली असती. १.०५१ वरून १.०१३-१४ हा माल्टच्या बिअरचा अगदी छान शेवट आहे, दोन दिवस तोच आकडा राहिला की बाटल्या भरा.

पण ही माल्टची बिअर नव्हती. माल्टच्या साखरेतला साधारण पाव हिस्सा यीस्टला पचत नाही, तो बिअरमध्ये राहतो, अंग देतो. मधाची साखर मात्र बहुतेक सगळी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, यीस्ट ती चाटूनपुसून खातं, मागे काही ठेवत नाही. म्हणजे ३७ पॉइंट माल्टचे, त्यातले ९ उरणार. मधाचे साडेचौदा, त्यातले शून्य उरणार, उलट त्याचं जे अल्कोहोल होतं ते पाण्यापेक्षा हलकं म्हणून आकडा अजून एक-दोनने खाली ओढतं. बेरीज करा, ही बिअर १.००७-१.००८ ला थांबायला पाहिजे. १.०१४ ला नाही. लोकांना वाटतं मध घातला म्हणजे बिअर गोड होणार, होतं नेमकं उलटं, मधाची बिअर कोरडी होते, पातळ लागते. आणि ७५ टक्केवालं कॅल्क्युलेटर मध घातलाय हे जाणतच नाही.

उरलेल्या सहा-सात पॉइंटचं काय एवढं? हे त्यालाही पटत नव्हतं म्हणून जिन्यावर बसून हिशोब केला. बंद बाटलीत एक पॉइंट साखर आंबली की साधारण अर्धा व्हॉल्यूम कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणजे बाटलीत जेवढी बिअर तिच्या निम्म्या मापाचा गॅस. सहा-सात पॉइंट म्हणजे तीन-साडेतीन. बिअरमध्ये आधीच विरघळलेला पाऊण-एक, आणि बाटलीत फेस यावा म्हणून आपण वरून जी साखर घालतो तिचा दीड. एकूण साडेपाच-सहा. साध्या बिअरला सव्वादोन-अडीच लागतो. साडेपाच-सहा हा शॅम्पेनचा दाब झाला आणि शॅम्पेनच्या बाटलीची काच किती जाड असते ते आठवा. याच्याकडे पातळ काचेच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या होत्या, धुऊन पुसून ओळीने मांडलेल्या, जिन्याखाली, जिथून त्याची चार वर्षांची मुलगी दिवसातून दहा वेळा जाते. हे बोलल्यावर तो गप्प झाला. मीही.

म्हणजे त्याला भीती वाटत होती बिअर मेल्याची, आणि धोका होता ती जिवंत असण्याचा.

बरं, मग ती मध्येच थांबली कशामुळे? हा प्रश्न उरतोच. अंड्याचा वास नाही, खाद्य होतं, यीस्ट ताजं. मी बादलीजवळ उकिडवा बसलो आणि बादलीला चिकटवलेली तापमानाची पट्टी दिसली, ती रंग बदलणारी. १४. मग मोबाइल काढून आठवडाभर त्याने पाठवलेले फोटो उलटे बघत गेलो, सगळ्या फोटोंत ती पट्टी कोपऱ्यात होती आणि आम्ही दोघं प्रत्येक वेळी एअरलॉककडे बघत होतो. सोमवारी १९. बुधवारी १८. शुक्रवारी १५. आज १४. घ्या!

झालं असं की नोव्हेंबरातलं तळघर, हवा तेरा-चौदा डिग्री. पहिले तीन-चार दिवस आंबण्याचा जोर असतो तेव्हा यीस्ट स्वतःच उष्णता तयार करतं, बादली आसपासच्या हवेपेक्षा चार-पाच डिग्री गरम राहते, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. जोर ओसरला की ही शेकोटी विझते आणि बादली तळघराच्या तापमानाला येते. त्यात हे इंग्लिश जातीचं यीस्ट, त्याची खासियतच ही की काम होत आलं की पटकन गोळा होऊन तळाला बसतं, बिअर छान नितळ होते, पबवाल्यांना तेच हवं असतं. पण गारठा लागला की ते काम अर्धवट टाकून बसतं. तळाला दोन बोटं साका, वर बिअर चक्क पारदर्शक व्हायला लागलेली, आणि साखर शिल्लक. आपल्याकडे जानेवारीत इडलीचं पीठ फुगत नाही म्हणून आई पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायची, तोच प्रकार, फक्त इथे पीठ अर्धं फुगून झोपलं होतं.

त्याच्या हातात यीस्टचं दुसरं पाकीट तयारच होतं, टाकायला शिवशिवत होता. मी नको म्हटलं. खाली कोट्यवधी यीस्ट पडलंय, त्याला फक्त उठवायचंय. नवीन कोरडं यीस्ट साडेचार-पाच टक्के अल्कोहोलच्या, साखर कमी असलेल्या, १४ डिग्रीच्या बिअरमध्ये टाकलं तर ते बहुतेक जाऊन त्याच साक्यावर बसणार. पण पाकीट वाया घालवलं नाही. दोनशे मिली नमुना एका निर्जंतुक केलेल्या बरणीत घेतला, त्यात पाकिटातलं चमचाभर यीस्ट टाकलं, झाकण सैल ठेवलं आणि वर बॉयलरच्या कपाटात ठेवून दिलं, तिथे पंचवीसेक डिग्री असतं. एवढ्याशा बिअरमध्ये एवढं यीस्ट आणि एवढी ऊब म्हणजे खाण्यासारखं जे आहे ते दोन-तीन दिवसांत संपणार. तो आकडा आला की बादली कुठवर उतरणार ते कळतं, अंदाज करायची गरज उरत नाही. ही बरणी मला सगळ्या कॅल्क्युलेटरांपेक्षा जास्त विश्वासाची वाटते, आणि मधाच्या बिअरला तर ती करावीच, कारण मधात पाणी किती हेही कमीजास्त असतं, आपल्या सातेरी माशीचा मध तर बऱ्याचदा जास्त पातळ असतो.

बादलीचं मग काय केलं. दोघांनी धरून वर आणली, हे वाक्य सोपं आहे, जिना नव्हता. बैठकीच्या खोलीत आतल्या भिंतीला ठेवली, रेडिएटरला चिकटवून नाही, कारण एक बाजू तापून दुसरी गार राहते आणि हीटिंग रात्री बंद झालं की परत उतरतं. कमरेच्या पट्ट्यासारखा हीटिंग बेल्ट मिळतो, पंचवीस वॉटच्या आसपासचा, तो मागवला आणि येईपर्यंत दोन दिवस जुनी सोलापुरी चादर गुंडाळली. झाकण न उघडता बादली धरून हळूहळू गोल गोल हलवली, साका जरा उठेल एवढंच. हे महत्त्वाचं आहे, ढवळायचं नाही, पळी घालायची नाही, झाकण उघडून खदखदवायचं नाही. या टप्प्याला हवा लागली की बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते आणि ते परत नीट होत नाही. यीस्ट टाकताना हवा चालते, आता नाही.

हायड्रोमीटर त्याच्याकडेच ठेवून मी संध्याकाळी परत आलो. मंगळवारी बॉयलरच्या कपाटातली बरणी: १.००७. बुधवारी परत १.००७. म्हणजे तळ कळला.

बादली: बुधवारी, अकराव्या दिवशी, २० डिग्रीला, १.०११. शुक्रवारी १.००८. एअरलॉक या सगळ्या काळात तासाला एखादा बुडबुडा, कधी तोही नाही. हे मुद्दाम सांगतोय. सहा पॉइंट साखर आंबली आणि एअरलॉकला जणू त्याचा पत्ताच नाही, कारण झाकणाची ती कड परत सुटली होती.

शुक्रवारीच अजून एक फोटो, "पांढरं काहीतरी तरंगतंय, बुरशी?" नाही. मळकट, सायीसारखी बेटं होती, बादली वर आणताना उठलेलं यीस्ट आणि फेसाचे तुकडे. खरी बाहेरची लागण झाली तर पृष्ठभागावर कोरडा सुरकुतलेला पापुद्रा धरतो, त्याखाली मोठे बुडबुडे अडकतात, आणि केसाळ हिरवं-काळं दिसलं तर तो विषयच संपला. हे तसं नव्हतं. चव बघ म्हटलं, तर म्हणाला ठीक आहे पण जरा लोण्यासारखी, थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखी.

हे ऐकून मला बरं वाटलं, कारण ते अपेक्षितच होतं. यीस्ट आंबवताना जे तयार करतं त्यातून डायअसेटिल नावाचं लोण्याच्या वासाचं द्रव्य बनतं आणि नंतर यीस्टच ते परत खाऊन टाकतं, पण त्यासाठी यीस्ट जागं आणि उबदार लागतं. आमचं मध्येच झोपलं होतं म्हणून आवरासावर राहिली होती. सफरचंदाचा तो आधीचा वासही तसाच, अर्धवट कामाचा. उपाय काही नाही, २०-२१ ला अजून काही दिवस ठेवायचं, वरचेवर झाकण उघडायचं नाही. तपासायची युक्ती अशी, दोन छोट्या बरण्यांत नमुना घ्यायचा, एक बंद करून साठ-सत्तर डिग्रीच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवायची, गार करायची आणि दोन्हींचा वास घ्यायचा. गरम केलेलीला लोण्याचा वास आला तर अजून थांबा. शुक्रवारी आला. पुढच्या मंगळवारी, सतराव्या दिवशी, नाही आला.

ग्रॅव्हिटी पंधराव्या दिवशी १.००७, सतराव्या दिवशी १.००७, अठराव्या दिवशी १.००७. बरणीशी जुळली, तीन वेळा तीच आली, अल्कोहोल साधारण ५.८ टक्के. आता भर म्हटलं.

भरतानाही त्याला मध घालायचा होता, फेसासाठी साखरेऐवजी. चालतं, पण मधात पाणी असल्याने साखरेपेक्षा वजन जास्त घ्यावं लागतं, साधारण सव्वा पट, आणि तो घट्ट असल्याने नीट विरघळला नाही तर एका बाटलीत जास्त आणि एकीत कमी. ज्या माणसाच्या बाटल्या नुकत्याच बॉम्ब होता होता वाचल्या त्याने हा खेळ करू नये असं माझं मत. साधी साखर, लिटरला साडेपाच ग्रॅम, उकळत्या पाण्यात विरघळवून. साडेसतरा लिटर उरली होती, फरशीचा हप्ता आणि नमुने आणि साका वजा जाता, म्हणजे ९६ ग्रॅम. एक बाटली मात्र काचेऐवजी सोड्याची प्लास्टिकची भरायला लावली. ती हाताने दाबून बघता येते, मऊ आहे तोवर गॅस झालेला नाही, दगडासारखी झाली की झाला. ती वाजवीपेक्षा फुगायला लागली तर काचेच्या सगळ्या ताबडतोब फ्रिजमध्ये.

बाटल्या दहा दिवस बैठकीच्या खोलीत खोक्यात, वर जाड चादर. बायकोचं म्हणणं एवढंच होतं की पाहुणे यायच्या आत हे हलवा. प्लास्टिकची बाटली नवव्या दिवशी कडक झाली, त्यापुढे नाही.

पहिली बाटली मी गेलो तेव्हा उघडली. फेस व्यवस्थित, रंग गव्हाळ, कोरडी, हलकी, लोणी नाही, सफरचंद नाही. जांभळाचा मध शोधायला गेलो तर सुरुवातीला काही नाही, घोट गिळल्यावर मागे एक कडवटपणा राहतो तो हॉप्सचा का जांभळाचा यावर आमचं एकमत झालं नाही. तो म्हणतो जांभळाचा. मला वाटतं त्याला तसं वाटायला हवंय. तेवढ्यात मावशीचा व्हिडिओ कॉल, मध संपला का विचारायला, आणि हा सरळ चेहऱ्याने "हो ना, खोकला एकदम गेला" म्हणाला. ती अजून दोन बाटल्या पाठवतेय.

उरलेल्या बाटल्या त्या रात्री आम्ही परत तळघरात नेऊन लावल्या. तेरा-चौदा डिग्री, अंधार, वर्षभर फारसा बदल नाही, इंग्लिश एल साठवायला याहून चांगली जागा मिळायची नाही.

बादली वरच राहिली.